एसईझेड नावाची सर्व्हिस: गेटच्या बाहेरून केलेला रिव्ह्यू

एसईझेड म्हणजे स्पेशल इकॉनॉमिक झोन, सरकारने निर्यातीच्या कारखान्यांसाठी भिंत घालून दिलेली जागा. आधी स्टार सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच परत फिरावं. पाचपैकी अडीच. त्यातला दीड स्टार आतल्या तयार शेड, गुळगुळीत रस्ते आणि न जाणारी लाइट याला, एक स्टार कस्टमचं ऑफिस गेटवरच असतं त्याला, आणि उरलेले अडीच कुठे गेले ते पुढे येईलच. भिंतीत गेले.

मी स्वतः एसईझेडमधली कंपनी नाही हे आधीच सांगते, नाहीतर खाली कोणीतरी विचारणार की मॅडम तुमचं युनिट कुठल्या फेजमध्ये. आमचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं काम, तीन प्लाय, पाच प्लाय, वर गिऱ्हाइकाचा शिपिंग मार्क छापून. कागदपत्रं आणि डिस्पॅच मी बघायचे. आणि बरीच वर्षं आमचं एक चांगलं गिऱ्हाईक अशा एका झोनच्या आत होतं. कुठला झोन ते विचारू नका, सांगणार नाही, आणि नंतर मी इतर देशांतल्या झोनबद्दल जेवढं वाचलं त्यावरून नाव सांगून काही फरकही पडत नाही, बऱ्याच ठिकाणी दुखणं तेच आहे.

ज्यांना ही भानगडच माहीत नाही त्यांच्यासाठी. विकसनशील देशातल्या सरकारला कारखाने हवे असतात. त्यासाठी खरं तर अख्ख्या देशाची वीज नीट करायला पाहिजे, बंदर, कस्टम, परवाने, कोर्ट, जमिनीच्या नोंदी, सगळंच. ते कोण करणार आणि किती वर्षांत होणार, मधे निवडणुका आहेत. मग शॉर्टकट असा की एक तुकडा घ्यायचा, त्याला भिंत घालायची आणि म्हणायचं की या तुकड्यात सगळं नीट आहे. आत येणाऱ्या कच्च्या मालाला ड्युटी नाही, काही वर्षं टॅक्स नाही, सगळे परवाने एकाच खिडकीत, फक्त माल बाहेरच्या देशात विका. कुठे याला ईपीझेड (एक्सपोर्ट प्रोसेसिंग झोन) म्हणतात, कुठे फ्री झोन, कुठे एसईझेड, पाटी बदलते पण आतला माल साधारण तोच. बाकी उपाय पण असतात सरकारकडे, आयातीवर कर लावून देशी कारखान्याला आडोसा द्यायचा, स्वस्त कर्ज द्यायचं, सरकारनेच स्टील प्लांट काढायचा, पण झोन हा त्यातला रेडिमेड ड्रेस आहे. मापं घ्यायची कटकट नाही. म्हणूनच एवढा खपतो. १९७५ मध्ये जगात असे ७९ झोन होते, २०१८ पर्यंत ५,४०० च्या आसपास झाले, १४७ देशांत, हा अंक्टाडचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास बघणाऱ्या संस्थेचा आकडा आहे. खप बघून प्रॉडक्ट चांगलंच असणार असं वाटतं ना, मलाही वाटायचं.

पहिल्यांदा आत गेले तेव्हा खरं सांगते हेवा वाटला. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा वीज जाणार आणि गोंदाची मशीन थंड पडली की अर्धा दिवस गेला, आणि इथे आत सबस्टेशन, रस्त्याच्या कडेला झाकण असलेली गटारं (झाकण असलेली! जागेवर!), ट्रक वळवायला जागा, शेडला नंबर. ज्याने कधी परवान्यांसाठी सात ऑफिसं पालथी घातलीत त्यालाच एका छताखाली सगळी टेबलं बघून काय वाटतं ते कळेल. हे स्टार मी मनापासून दिलेत.

आता गेटची गोष्ट. आमची पहिली मोठी डिलिव्हरी, सहा हजार खोकी, बंडलं बांधून. गेटवर ट्रक थांबवला. पेपर कुठे? मी म्हटलं हे काय, चलन आणि बिल. तो क्लार्क बिचारा सज्जन होता, आवाज चढवला नाही, म्हणाला, "मॅडम, बिल चालत नाही. भिंतीच्या आत परदेश आहे. तुम्ही माल देत नाही आहात, एक्सपोर्ट करताय." मी आधी हसले. मग कळलं की विनोद नाही. कायद्याने ती जागा कस्टमच्या हिशोबात देशाच्या बाहेर धरलेली, म्हणजे आमच्या युनिटपासून ट्रकने तासभरही नसलेल्या शेडमध्ये खोकी पोचवायला निर्यातदार जेवढे कागद करतो जवळजवळ तेवढे करायचे. ट्रक दोन दिवस उभा. वेटिंग चार्ज आमच्या डोक्यावर. दुसऱ्या दिवशी एक साहेब आले आणि बंडलं फोडून खोकी मोजायला लावली, सहा हजार, आणि मोजणाऱ्याचं मोजून झाल्यावर अकरा जास्त निघाली कारण आमचा पोऱ्या डॅमेजसाठी नेहमी थोडी वर टाकतो. अकरा जास्तीची खोकी म्हणजे डिक्लेअर न केलेला माल. त्यावर परत एक अर्ज.

पण खरी मजा पुढच्या लॉटला झाली. शिपिंग मार्कमध्ये छपाईची चूक झाली, आमचीच चूक, बंदराच्या नावातलं एक अक्षर गेलं. चारशे खोकी रिजेक्ट. नेहमीच्या गिऱ्हाइकाकडे असं झालं की टेम्पो पाठवायचा, खोकी परत आणायची, रद्दीत घालायची, नवीन द्यायची. इथे? भिंतीच्या आतून बाहेर येणारा माल म्हणजे आयात. माझीच खोकी, माझ्याच चुकीची, परत आणायला मला आयातीचे पेपर करून ड्युटी भरायला लागणार होती, ती पण पुठ्ठ्यावर. मी हिशोब केला, ड्युटी, एजंट, दिवस, आणि सोडून दिली. गिऱ्हाइकाने शेडच्या मागे रचून ठेवली. प्रत्येक डिलिव्हरीला दिसायची, वरून ताडपत्री, खालची ओल लागून फुगलेली.

वर्षभराने परचेस मॅनेजर म्हणाला की ताई, राग मानू नका, पुढच्या सीझनपासून खोकी पण बाहेरच्या देशातूनच मागवतोय, कापड येतं त्याच कंटेनरमध्ये घड्या घालून येतात, पेपर एकच, ड्युटी नाही. भाव आमचा कमी होता हो. क्वालिटीबद्दल पण तक्रार नव्हती. पण समुद्रापलीकडून आलेलं खोकं त्यांना माझ्या खोक्यापेक्षा सोपं पडत होतं. राग त्या माणसाचा नाही आला, त्याच्या जागी मी पण तेच केलं असतं. पण ज्या सर्व्हिसची जाहिरात "देशात उद्योग वाढावेत म्हणून" अशी करतात त्या सर्व्हिसने देशातल्या एका छोट्या युनिटचं गिऱ्हाईक काढून घेतलं आणि कुठल्याही रिपोर्टमध्ये ते दिसलं नाही, कारण झोनची निर्यात तर तेवढीच राहिली.

तेव्हापासून मला हे खूळ लागलं, की बाबा सगळीकडे असंच असतं की आपलंच नशीब फुटकं. रात्री जेवणं झाली की वाचत बसायचे.

मूळ पीस आयर्लंडचा निघाला, शॅनन. युरोप-अमेरिका विमानं पूर्वी तिथे पेट्रोल भरायला थांबायची, मग जेट आली आणि थेट वरून उडायला लागली, एअरपोर्ट ओस पडायची वेळ. तिथे ब्रेंडन ओ'रीगन म्हणून एक माणूस होता, त्यानेच १९४७ मध्ये तिथे एअरपोर्टवरचं ड्युटी फ्री दुकान सुरू केलं होतं, त्याने डोकं चालवलं की दुकान ड्युटी फ्री होऊ शकतं तर फॅक्टरी का नाही. १९५९ ला झोन सुरू. म्हणजे हे मूळचं एका बंद पडत चाललेल्या एअरपोर्टला वाचवायचं औषध होतं, अख्ख्या देशाच्या उद्योगाचं नव्हे. औषध एका आजारावरचं आणि मग दिसेल त्या पेशंटला दिलं तसं झालं पुढे.

आशियातला पहिला आपल्या देशात, कांडला, १९६५. आणि तैवानचा काओशुंग १९६६. एका वर्षाचा फरक फक्त! काओशुंग इतका पटापट भरला की १९६९ मध्ये अजून दोन काढायला लागले. कांडला तसा भरला नाही. लोक म्हणतात जागा चुकली, कांडला बाजूला पडलेलं, तिथे बंदरच मुळात फाळणीत कराची गेली म्हणून वाढवलेलं, आणि काओशुंग म्हणजे चालतं बंदर आणि शेजारी कामगारांचं शहर. ते आहेच. पण मला जे टोचलं ते वेगळं. तैवानमध्ये भिंतीच्या बाहेरचा कारखाना पण माल निर्यात झाला की कच्च्या मालावर भरलेली ड्युटी परत मिळवू शकायचा. म्हणजे झोन हा बाहेरच्याच धोरणाचा जरा चकचकीत नमुना होता. आपल्याकडे तेव्हा भिंतीच्या बाहेर १९५१ चा कायदा, कारखाना काढायला लायसन्स, वाढवायला लायसन्स, मशीन मागवायला लायसन्स. आत एक जग, बाहेर दुसरं, आणि मधे गेट. १९९१ पर्यंत बाहेरचं जग तसंच राहिलं, मग आतल्या चार शेड काय चमत्कार करणार होत्या. पी हळद आणि हो गोरी असं होत नाही.

कोरियाचं वाचलं आणि मी अक्षरशः उठून बसले. मासान, १९७० चा झोन. सुरुवातीला तिथेही हेच, सगळा कच्चा माल बाहेरून, आत फक्त जोडकाम. पण कोरियन सरकारकडे एक साधी गोष्ट होती, लोकल एलसी. एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, माल पोचला की पैसे देऊ अशी बँकेची हमी. समजा परदेशी गिऱ्हाइकाने निर्यातदाराच्या नावाने ते उघडलं, तर त्या जोरावर बँक निर्यातदाराला माल पुरवणाऱ्या देशी छोट्या कारखान्याच्या नावाने पण एक एलसी काढणार. आणि ते हातात आलं की तो छोटा कारखाना सरकारच्या लेखी निर्यातदारच. निर्यातदाराला मिळणारं स्वस्त कर्ज त्यालाही, ड्युटी परत मिळायची सोय त्यालाही. म्हणजे खोकीवाली पण एक्सपोर्टरच! मला गेटवर सांगितलं तेच, "तुम्ही एक्सपोर्ट करताय", फक्त तिथे त्या वाक्याबरोबर पैसे आणि सवलत यायची आणि माझ्याकडे त्या वाक्याबरोबर फॉर्म आला. मासानमध्ये देशी मालाचा वाटा नंतर बराच वाढत गेला. भिंत तीच, गेट तेच असेल, पण गेटवरून देशी माल आत जावा अशी कोणाला तरी इच्छा होती.

फसलेले नमुने पटकन सांगते, त्यात शिकण्यासारखं कमी आणि चुकचुकण्यासारखं जास्त. फिलिपिन्सचा बतान, मार्कोसच्या काळातला, मारिवेलेस नावाच्या आडगावात, डोंगराळ जागा, सपाट करण्यापासून वसाहत उभी करण्यापर्यंत सरकारचा खर्च, नाकापेक्षा मोती जड. सेनेगलचा डाकार, १९७४, कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, कारण बाहेरची कागदशाही तशीच भिंतीच्या आत घेऊन आले. मग भिंत कशाला घातली कोण जाणे.

बांगलादेशवर मात्र थांबते, कारण तिथली गोष्ट झोनवाल्यांनी वाचायलाच हवी. चितगावचा झोन १९८३ चा. पण त्यांचा गारमेंटचा धंदा सुरू झाला तो झोनमुळे नाही. देश गारमेंट्स नावाच्या कंपनीने कोरियाच्या देवू कंपनीबरोबर करार केला आणि १९७९ मध्ये जवळपास १३० माणसं सहा महिने शिकायला कोरियाला पाठवली. कटिंग, शिलाई, लाइन कशी लावायची, मर्चंडायझिंग, सगळं. परत आली, आणि पुढच्या काही वर्षांत त्यातली बहुतेक कंपनी सोडून गेली, कोणी स्वतःची फॅक्टरी काढली, कोणी दुसऱ्याची उभी करून दिली. कंपनीच्या बाजूने बघितलं तर डोक्याला हात लावायची वेळ, एवढा खर्च करून शिकवलं आणि पक्षी उडाले. देशाच्या बाजूने बघितलं तर त्या उडण्यातूनच अख्खा उद्योग उभा राहिला. आणि सरकारने त्याला दोनच गोष्टी नीट दिल्या. एक बाँडेड वेअरहाउस, म्हणजे झोनची भिंत नको, तुझ्याच फॅक्टरीच्या गोदामाला बाँडचं कुलूप आणि रजिस्टर, कापड विनाड्युटी आण, शिवून पाठव, हिशोब दे. दुसरी बॅक टू बॅक एलसी, म्हणजे गिऱ्हाइकाचं एलसी बँकेत ठेवून त्यावर कापडाचं एलसी काढायचं, खिशात भांडवल नसलं तरी काम सुरू. सहा महिने शिकून आलेल्या माणसाला फॅक्टरी काढता आली ती यामुळे. जमीन संपादन नाही, उद्घाटनाची फीत नाही. म्हणूनच बहुतेक नेत्यांना आवडत नसावं, कुलूप आणि रजिस्टरचं उद्घाटन कसं करणार.

मॉरिशसने १९७० मध्ये झोनचा कायदा केला आणि भिंत बांधलीच नाही! एदुआर लिम फाट म्हणून प्राध्यापक होते, तैवानचा झोन बघून आले होते, पण बेट छोटं, माणसं गावोगाव विखुरलेली, मग ठरवलं की दर्जा कागदावर द्यायचा, फॅक्टरी बेटावर कुठेही टाका, बायका राहतात त्याच्या जवळ टाका. ऊस सोडून काही नसलेला देश, बेकारी भरपूर, आणि वीस वर्षांत कामाला माणसं मिळेनात अशी वेळ आली. आता यात सगळं श्रेय झोनचं नाही, युरोपात साखरेला आणि कपड्यांना मिळणारा प्रवेश होता, हाँगकाँगवाले कोट्याच्या (श्रीमंत देश प्रत्येक देशाला कपड्यांच्या निर्यातीची मर्यादा ठरवून द्यायचे, त्या वाट्याच्या) शोधात आले होते, आणि साखरवाल्यांनी आपला नफा बाहेर न नेता स्वेटरच्या कारखान्यांत घातला. पण बघा, इथेही देशातला पैसा आत गेला. मलेशियाच्या पेनांगमध्ये १९७२ ला बायान लेपासला झोन आला, इंटेल वगैरे आले, आणि त्यांच्यातून बाहेर पडलेल्या इंजिनिअरांनी त्यांनाच जिग (काम धरून ठेवायचे साचे) आणि मशीन पार्ट पुरवणारी वर्कशॉपं काढली, १९८९ ला राज्य आणि कंपन्यांनी मिळून स्किल सेंटर काढलं. तिथे माझ्यासारख्याला निदान दार वाजवायला जागा होती.

शेनझेनचं नाव घेतल्याशिवाय हा विषय कोणी बंद करू देत नाही, तर घेते. १९८० मध्ये चीनने चार झोन काढले, त्यातला हा. त्यांचा जियांग झेमिन, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, तो त्याच वर्षी शॅनन बघून आला होता, हे मला वाचताना गंमत वाटली. आमचे मंत्रीसुद्धा झोन बघायला जातात, पण असो. शेनझेनभोवती खरोखरचं कुंपण होतं, ८४ किलोमीटरच्या आसपास, आणि चिनी माणसालाच आत जायला पास लागायचा. लोक या शहराच्या बिल्डिंगांचे फोटो टाकतात, मला मात्र ते कुंपण आवडतं, म्हणजे त्याचं पुढे काय झालं ते. आत जे चाललं, विदेशी भांडवल, जमिनीचा हक्क लिलावात विकणं (१९८७ ला पहिला जाहीर लिलाव तिथलाच), कराराने कामगार घेणं, ते हळूहळू बाहेर सोडत गेले, २०१० ला झोन अख्ख्या शहराएवढा केला, आणि २०१८ मध्ये कुंपणाची रेषाच रद्द केली. तोपर्यंत कुंपणाच्या आत आणि बाहेर तसा फरकच उरला नव्हता. आमच्या गेटवर मात्र मी होते तेवढ्या वर्षांत एक रजिस्टर होतं त्याची दोन झाली.

आता टॅक्स हॉलिडे, ज्याची सगळ्यात जास्त जाहिरात असते. माझ्या मते प्रॉडक्टमधला सगळ्यात निकामी पार्ट. परचेस मॅनेजरच मला सांगायचा, आमच्या हेड ऑफिसला विचारतात तेव्हा बंदर किती लांब, वीज किती जाते, कामगार मिळतात का हे विचारतात, टॅक्स शेवटी, फुकट मिळतंय तर कोण नको म्हणेल. आणि एकदा दिलं की काढता येत नाही. ब्राझीलचा मनाउस बघा, ॲमेझॉनच्या जंगलात १९६७ पासून, टीव्ही आणि मोटारसायकली बनतात, विकतात मुख्यतः ब्राझीलमध्येच, आणि २०१४ मध्ये राज्यघटना दुरुस्त करून सवलत थेट २०७३ पर्यंत वाढवली. शंभर वर्षांचं बाळसं! मनाउसवाले म्हणतात यामुळे जंगल तोडून शेती करण्याऐवजी लोकांना काम मिळालं, त्यात तथ्य असेलही, पण मग त्याला जंगलाचं धोरण म्हणा की, उद्योगाचं कशाला. शिवाय आता ७५ कोटी युरोच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांसाठी १५ टक्के किमान टॅक्सचं जागतिक ठरलंय, म्हणजे गरीब देशाने माफ केलेला टॅक्स ते नियम लागू केलेला श्रीमंत देश वसूल करू शकतो. फुकटचं गिफ्ट द्यायचं आणि पाकीट तिसऱ्याच्याच घरी जायचं. हे कळल्यावर तरी ब्रोशरमधलं ते पान बदलतील असं वाटलं होतं, अजून तेच छापतायत.

इथियोपियाचं वाचून वाईट वाटलं. हवासा पार्क, २०१६, चिनी कंपनीने नऊ महिन्यांत उभा केला, सांडपाणी पूर्ण शुद्ध करून परत वापरायची सोय, म्हणजे इमारतीच्या बाबतीत पाचपैकी पाच. पीव्हीएचसारखी कपड्यांची मोठी अमेरिकन कंपनी आली. पगार महिन्याला २६ डॉलरपासून, २०१९ च्या एका अभ्यासात जगातल्या गारमेंट धंद्यात सगळ्यात कमी म्हणून नोंदलेला, आणि मुली वर्षभर सुद्धा टिकत नव्हत्या, कारण त्या पैशात भाडं आणि जेवण भागेना. कापड, बटण, चेन सगळं बाहेरून. मग देशात युद्ध सुरू झालं, अमेरिकेने जानेवारी २०२२ पासून ड्युटी फ्री प्रवेश काढून घेतला, पीव्हीएच त्याच्या आधीच गेली. जाताना त्यांना काय उचलून न्यायचं होतं? मशीनं. देशी सप्लायर, देशी सूत असं मागे खेचणारं काहीच नव्हतं. आणि पगाराचं निघालंच आहे तर, झोनमध्ये कामगारांचे कायदे वेगळे ठेवायची सवय बऱ्याच सरकारांना असते, बांगलादेशच्या झोनमध्ये युनियनला परवानगीच नव्हती, २००४ च्या कायद्याने "असोसिएशन" चालेल म्हणाले. मी शिफ्ट सुटताना गेटवर उभी असायचे, एका वेळी हजारभर मुली डबे हातात घेऊन बाहेर पडायच्या, झडती देऊन. चेहरे दर सहा महिन्यांनी बदललेले. मासानने तरी शिकवून ठेवली असतील माणसं, इथे शिकलेली मुलगी कुठे गेली हे विचारणारं टेबल एका छताखालच्या टेबलांमध्ये नव्हतं.

जमिनीबद्दल थोडक्यात, कारण त्यावर बोलायला लागले तर रिव्ह्यू राहील बाजूला. आपल्याकडे २००५ ला एसईझेड कायदा आला आणि झोनपेक्षा जमिनीचीच चर्चा जास्त झाली. २००७ मध्ये नंदीग्रामला केमिकल हबच्या जमिनीवरून गोळीबारात १४ माणसं गेली. आणि २०१४ च्या कॅगच्या अहवालात आकडा आहे, ४५ हजार हेक्टरच्या वर जमीन झोनसाठी नोटिफाय केलेली, काम सुरू झालेलं २८ हजार हेक्टरवर. उरलेली नुसती पडून किंवा दुसऱ्याच कामाला. ज्याची शेती गेली तो या सर्व्हिसला किती स्टार देईल ते मी लिहीत नाही.

मग घ्यावी की नाही? बंदर जवळ असेल, बाहेरची वीज आणि परवाने पण दहा वर्षांत सुधारायची खरोखर तयारी असेल, आणि झोन ही तोपर्यंतची तात्पुरती शेड म्हणून घेत असाल, तर घ्या, काम होतं, पेनांगला झालं. ब्रोशर बघून घेत असाल तर थांबा. आधी एक टेस्ट करा, एखादा शंभर खोक्यांचा टेम्पो बाहेरून आत पाठवा आणि किती तास लागतात ते घड्याळ लावून बघा. मग त्यातली दहा खोकी रिजेक्ट करून परत बाहेर काढा. परदेशी गुंतवणूकदाराला एका दिवसात परवाना देणारी खिडकी असते ना, तिथेच देशी पुरवठादारासाठी पण एक टेबल आहे का ते बघा, आणि त्या टेबलावर माणूस बसलाय का ते पण.

मागच्या वर्षी तिकडून जाणं झालं. अर्धा झोन डिनोटिफाय झालाय म्हणे, म्हणजे त्याचा झोनचा दर्जा काढून घेतला, आमचं जुनं गिऱ्हाईक दुसऱ्या देशात गेलं, शेडला दुसऱ्या कोणाचं तरी कुलूप. गेटवरचा क्लार्क तोच होता, केस पांढरे झालेत, ओळखलं त्याने. मी सहज विचारलं, ती मागची चारशे खोकी? म्हणाला रजिस्टरला अजून उभी आहेत मॅडम, प्रत्यक्षात तर कधीच लगदा झाला, पण कोणी आयात केल्याशिवाय ती कमी कशी करणार. चहा घेणार का म्हणाला. घेतला.